दोन कुंड्यांचा पखवाज

जानेवारी ७, सोमवार

डॉक्टर म्हणाले, औषध केव्हा दिलं, काय खाल्लं, पोट साफ झालं का, रोजचं लिहून ठेवा. म्हणून मुलाने, चंद्रकांतने, त्याच्या कारखान्यात मिळालेली १९६३ सालची डायरी मला दिली. सून म्हणाली, "आई, मी लिहीत जाईन." म्हटलं, नवरा माझा आणि त्याचं पोट लिहिणार तू? दुसरी शिकलेय मी. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण कोंबडी आपल्या पायानेच चालते.

औषध सकाळी दिलं. गंजी, म्हणजे पेज, अर्धी वाटी. पोट साफ.

जानेवारी ९, बुधवार

भात खाल्ला नाही. थाळी डाव्या हाताने ढकलली, ती थेट वसुमतीच्या पायाशी. वसुमती म्हणजे सून. पुण्याची आहे, म्हणून प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे पुस्तक असतं. म्हणाली, "आप्पाजींना राग येतोय हे चांगलं लक्षण आहे, असं वाचलंय मी." म्हटलं, मग पुस्तकालाच सांग थाळी उचलायला.

डायरीत सुरुवातीचं नाहीच, तेही लिहून ठेवते. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी हे दुकानात कापड बेतत होते. बेतता बेतता खाली बसले. लोकांनी उचलून आणलं तेव्हा कात्री उजव्या हातात होती आणि तो हात ह्यांचा राहिला नव्हता. उजवा पाय थोडा आलाय, काठीने मोरीपर्यंत जातात. हात नाही. तोंडातून "हं" येतं, नाहीतर नुसता वारा. ज्या माणसाने ह्या कानडी गावात सगळ्या चिकपेठेशी बोलून बोलून शिवण केलं, त्याच्याकडे आता एक "हं".

औषध दोन्ही वेळा.

जानेवारी १३, रविवार

उमाकांत आला होता. ह्यांचा शिष्य, आमच्या शिंप्यांच्या विठोबाच्या देवळात ह्यांच्या मागे बसून पखवाज शिकला. एकादशीच्या भजनाला पखवाज हवा. पखवाज देवळाचाच, पण राहायचा आमच्याकडे. उंबऱ्यापाशी चुळबुळत उभा राहिला.

"काकी, अण्णांना कसं विचारू?"

"विचारायला तुला तोंड आहे, उत्तर द्यायला त्यांना नाही. ने उचलून."

मी हात लावला नाही. देवळाच्या पखवाजाला आम्ही बायका हात लावत नाही, धूळसुद्धा ह्यांनीच पुसायची. सगळा संसार मी त्याच्या भोवतीने केर काढण्यात घालवला. उमाकांतने नेला, तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून निजले. कोपऱ्यात एक लांबट जागा राहिली, तिथे जमीन जास्त लाल आहे.

जेवले नाहीत.

जानेवारी १६, बुधवार

संक्रांत झाली. एळ्ळु-बेल्ला तोंडाशी धरला, तीळगूळच तो, लहान पोरसुद्धा ओठ उघडतं. ह्यांनी मिटले.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "समजतं त्यांना सगळं. शब्द सापडत नाहीत. पाडव्यापर्यंत जेवढं परत येईल तेवढं येईल, पुढे फारसं येत नाही. पण आजी, आधी त्यांना यावंसं वाटलं पाहिजे. हे असे उपाशी राहिले तर पाडव्याचं सोडाच."

चंद्रकांत दारापर्यंत पोचवायला गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मी भांडी घासली. रडायला माणसं पुष्कळ असतात घरात, भांडी घासायला एकच असतं.

जानेवारी १९, शनिवार

गंजीच्या वाटीवर डाव्या हाताने वाजवत बसले. मग तांब्यावर. मग पलंगाच्या पाटीवर. वाटी उलटी झाली, गंजी गादीत. शेजारची यल्लव्वा बघायला आली होती, ती म्हणाली, "अक्का, वाजवू दे गं. तेवढंच करमतंय." म्हटलं, तुझी वाटी आण, त्यावर वाजवू दे.

पण एक झालं. वाजवताना मी चमचा पुढे केला आणि तोंड उघडलं. बहुतेक चुकून. पुन्हा केला, पुन्हा उघडलं.

तर ह्यांना वाजवायला काहीतरी पाहिजे. माझी भांडी नकोत.

जानेवारी २२, मंगळवार

वनस्पती तुपाचा रिकामा गोल डबा घेतला. दोन्ही तोंडं कापली. चंद्रकांतच्या सायकलची जुनी ट्यूब फाडून दोन्हीकडे ताणून सुतळीने बांधली. माझ्या मते बरा झाला होता. ह्यांच्या मांडीवर ठेवला. ह्यांनी एक थाप मारली. डब्याने म्हैस शेणात बसल्यासारखा आवाज केला. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाचा असती तर मी घर सोडून गेले असते. मग पायाने ढकलला, डाव्या. डबा गडगडत गल्लीत. आता यल्लव्वाची मुलं त्याने खेळतात.

भात चार घास.

जानेवारी २७, रविवार

वसुमती आणि नात हेमी इथल्या लालबागेत फुलांचं प्रदर्शन बघायला गेल्या होत्या. येताना दोन मातीच्या कुंड्या आणल्या, एक जरा मोठी, एक लहान, आणि त्यात लावायला कसलीशी रोपं. घरात माणूस असा पडलेला आणि ह्या दोघींना फुलं सुचतात. बोलले नाही. म्हणजे थोडंच बोलले.

संध्याकाळी अंगणात पाहिलं तर हेमीने रिकाम्या कुंड्या एकीच्या तोंडावर दुसरी उपडी घालून ठेवल्या होत्या. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं. मी बघतच राहिले. पखवाजच की. नुसती बुडं काढायची.

जानेवारी ३०, बुधवार

कुंडीचं बुड काढणं सोपं नाही. मधल्या भोकापासून पकडीने कड तोडत तोडत जायचं, भाकरीचा काठ खुडतात तसं. धाकटी छान झाली. मोठी शेवटच्या टवक्याला उभी चिरली.

वसुमतीने आतून आवाज ऐकला. येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, ही माझी कुंडी ना?"

म्हटलं, "होती."

आत गेली. मला वाटलं आता अबोला, तर दुपारी तिची तुळशीशेजारची जुनी कुंडी घेऊन आली. गुलाब काढून मोरीजवळ खड्डा करून लावला होता. म्हणाली, "ही जाड आहे, चिरायची नाही. मी धरते, तुम्ही तोडा."

दोघींनी तोडली. पुण्याच्या पोरीचं मनगट घट्ट आहे.

फेब्रुवारी १, शुक्रवार

दुकान उघडलं. इतके दिवस कुलूप होतं. टेबलावर कुणाच्या तरी मुलाची चड्डी अर्धी बेतलेली, खडूची रेघ अर्ध्यात थांबलेली. मी कॉलरीत घालायचं जाड कॅनव्हास घेतलं, गोणपाट शिवायची सुई घेतली, मेणाचा दोरा घेतला, कुलूप लावलं. खडूची रेघ पुसली नाही. पुसून काय करायचं, गिऱ्हाइकाला उशीर होईल असं तर सांगायचंच आहे.

घरी येऊन चिंचोके भाजले, फोडले, भिजत घातले.

फेब्रुवारी ४, सोमवार

चिंचोक्याची खळ शिजवली. दोन कुंड्या तोंडाला तोंड लावून वसुमतीने धरल्या आणि मी माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या खळीत बुडवून गुंडाळत गेले. वाळलं की वर पुन्हा. हातपाय मोडल्यावर हाडवैद्य बांधतो तसं. हे पलंगावरून बघत होते. बघत होते म्हणजे माझी चूक शोधत होते. पट्टी एकदा तिरकी गेली तर "हं!" झालं. चूक काढायला अख्खा माणूस शाबूत आहे.

मग कॅनव्हासचे तीन थर खळीने चिकटवून ओलेच दोन्ही तोंडांवर ताणले, दोऱ्याने करकचून आवळले, उन्हात ठेवले.

औषध, पेज, पोट साफ.

फेब्रुवारी ६, बुधवार

उंदराने खाल्ला. दोन्ही तोंडं. खळ म्हणजे त्याला लग्नाची पंगत. हे आधी माझ्या डोक्यात यायला हवं होतं, शिंप्याच्या घरात राहते मी, खळीच्या कापडाला उंदीर लागतो हे मला नवीन आहे का?

हे हसले असं वसुमती म्हणते. मी पाहिलं नाही. मी उंदराला शिव्या देत होते.

फेब्रुवारी ११, सोमवार

पुन्हा केलं. ह्या खेपेला खळीत कडुनिंबाच्या पाल्याचा रस घातला. घरभर कडू वास. आता उंदराने खाल्लं तर त्याची तब्येत सुधारेल.

वाळल्यावर बोटाने टिचकी मारली तर टण्ण वाजलं. कॅनव्हास कसलं ताणतं! मग उजव्या तोंडाला शाई पाहिजे, ते काळं वर्तुळ. ती कशाची करतात ते उमाकांतला विचारून यायला हेमीला पाठवलं. भात, काजळी आणि लोखंडाचा कीस. चंद्रकांतने कारखान्यातून यंत्राखालचा कीस जेवणाच्या डब्यात भरून आणला. मऊ भात घोटला, दिव्याची काजळी मिसळली, कीस मिसळला, थरावर थर दिला आणि गुळगुळीत दगडाने घोटला. हात इतके काळे झाले की यल्लव्वा म्हणाली, "अक्का, चोरी केलीस का काय?"

फेब्रुवारी १४, गुरुवार

डाव्या तोंडाला कणीक लावतात, त्याशिवाय तिथून धुम् येत नाही. पण गहू रेशनचा, जेमतेम, तो काय वाजवायला लावू? रागीचं पीठ होतं. सूनबाई नाचणी म्हणते, आम्ही रागी. त्याचाच गोळा मळून लावला.

ह्यांच्या मांडीपाशी ठेवला. ह्यांनी डाव्या हाताने थाप मारली. आवाज आला, खराच आला, पोटातून. दुसरी थाप मारली आणि रागीला तडा गेला आणि एक तुकडा उडून सरळ वसुमतीच्या केसात.

हे हसले. ह्या खेपेला मी पाहिलं. वाकडं हसले, एका बाजूने, पण अंग हलेपर्यंत. शिंप्यांच्या देवळात पखवाज वाजवणारा माणूस, त्याच्यापुढे बायकोने मुद्दे, जेवणातला रागीचा गोळा, लावून आणला.

मग वसुमतीने न विचारता गव्हाची कणीक मळून आणली. म्हणाली, "माझी एक पोळी कमी." लावली. मी जेवताना माझ्यातली अर्धी तिच्या ताटात टाकली. तिने परत टाकली. मी पुन्हा टाकली. हेमीने खाऊन टाकली.

ह्यांनी भात पूर्ण खाल्ला.

फेब्रुवारी १७, रविवार

डावा हात वाजवतो, उजवा मांडीवर पडलेला. हे उजव्या तोंडाकडे बघतात आणि थांबतात. थाप अर्धी राहते. पुन्हा सुरू करतात, पुन्हा तिथेच थांबतात. बघून माझंच डोकं उठलं. शेवटी मी त्या बाजूला बसले आणि जिथे ते थांबले तिथे मीच एक चापट मारली.

हे चमकले. मीही. पखवाजाला हात लावायची नाही मी. पण हा कुठे पखवाज आहे? ह्या माझ्या कुंड्या.

पुन्हा मारली. मान हलवली, नाही. बोटांनी नाही, तळव्याने, असं डाव्या हाताने दाखवलं. आमचं भांडण झालं, बिनशब्दांचं. मग जमलं. त्यांची धुम्, माझी टप्. दुपारची भांडी तशीच राहिली.

फेब्रुवारी २०, बुधवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

दुपारी दोघे वाजवत होतो. माझी टप् उशिरा पडली. तर हे ओरडले, "किट धा दिं ता!"

स्पष्ट. मागच्या वर्षीसारखं. मग सुटलेच, "धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन." मी हात जोडून बसले नाही. मला राग आला. म्हटलं, एवढे दिवस सोंग करत होतात? किट म्हणता येतं आणि पाणी म्हणता येत नाही? आम्ही इथे चमच्याने भरवतोय! म्हणा पाणी. म्हणा!

तोंड उघडलं. वाराच आला. डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे पाणी होतं, शब्द नव्हता.

मी उठून गेले. चुलीला फुंकर घातली. चूल पेटलेलीच होती.

फेब्रुवारी २१, गुरुवार

डॉक्टरांकडे वसुमतीला पाठवलं. तिने येऊन सांगितलं, "आई, हे सोंग नाही. लहानपणी घोकून घोकून पाठ केलेलं वेगळ्या जागी राहतं म्हणे. ते वाचतं. आपण रोज बोलतो ते नवं जुळवावं लागतं, ते गेलंय."

म्हटलं, पाणी काय पाठ नाही? जन्मापासून पितोय.

पण ह्यांच्याशी भांडले ते बरं केलं नाही. त्यांना सांगितलं नाही, शिरा केला.

फेब्रुवारी २६, मंगळवार

मला एक सुचलंय. बोल येतात तर बोलांवर शब्द चढवून बघायचे. धा धा दिं ता म्हणायचं आणि लगेच त्याच ठेक्यात पा-णी-दे-गं. वाजवत वाजवत. चालत्या गाडीत पोरं उडी मारून चढतात तसा शब्द चढेल.

नाही चढला. धा धा दिं ता व्यवस्थित, मग "पा" आणि खाली पडला.

मार्च ५, मंगळवार

रोज दुपारी बसतो. "पा." रोज "पा". मीठ जमत नाही, चहा जमत नाही, चंदू जमत नाही. उजव्या हाताची दोन बोटं मात्र हलायला लागलीत, शाईवर नुसती फिरतात, मुंगीसारखी. त्यांचा हात माझ्या हाताशेजारी असतो. केवढा बारीक झालाय. आता खातात तरी, भरेल.

यल्लव्वा म्हणते, "अक्का, घरी म्हातारं-म्हातारी मिळून वाजवता, काय चाललंय तुमचं?" म्हटलं, तुझ्या नवऱ्याला आण, टाळ देते.

मार्च १५, शुक्रवार

पाडवा अकरा दिवसांवर आला आणि "पा"च्या पुढे अक्षर नाही. आज ह्यांनी वाजवायलाही नको म्हटलं. मी कुंड्या पुढे ठेवल्या, ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवण अर्धं.

मला भीती वाटते असं नाही. पण घर फार गप्प असतं. पूर्वी किती बोलायचे, मीच म्हणायची, जरा थांबवा ती जीभ. देवाला बायकांचं नको तेवढं लगेच ऐकू येतं.

मार्च २६, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली, कडुनिंब-गूळ दिला. डॉक्टरांची मुदत संपली आणि शब्द शून्य.

उमाकांत आला, देवळाचा पखवाज घेऊन. चांगला पोरगा आहे. ह्यांच्यापुढे ठेवला, पाया पडला. "अण्णा, पंचांनी परवानगी दिलीय. इथेच राहू दे. मी भजनापुरता नेत जाईन. तुमचा हात ह्यावर लवकर परतेल, त्या मातीवर काय?"

मला खरंच बरं वाटलं. शिसवी पखवाज, चामड्याच्या वाद्या, आमच्या कुंड्यांना उंदराने हुंगलेलं लुगडं. ह्यांनी पखवाजाला नमस्कार केला, डाव्या हाताने शाईवर हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी लांब उभी होते, देवळाच्या वस्तूपासून उभं राहावं तेवढी लांब. तर ह्यांनी पखवाज हळूच उमाकांतकडे सरकवला आणि कोपऱ्यातल्या कुंड्यांकडे बोट केलं.

उमाकांतने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणाला, "सरी, बरं, अण्णा. समजलं."

त्याला काय समजलं कोण जाणे. आजारपणात माणसाला चांगलं-वाईट कळत नाही, दुसरं काय!

दुपारी वाजवायला बसलो. "पा."

मार्च २९, शुक्रवार

चैत्राच्या हळदीकुंकवाला वसुमतीने सगळी गल्ली बोलावली. मी नको म्हणत होते, घरात माणूस आजारी. ती म्हणाली, "आप्पाजींना बायकांचा गलका ऐकू दे, तेवढंच घर जागं होईल." कैरीची डाळ, पन्हं, आणि इकडची कोसंबरी.

ओटी झाल्यावर नेहमीचं सुरू. नाव घ्या. यल्लव्वा धारवाडकडची, त्यांच्यात त्याला ओडपु म्हणतात, तिने कानडीत इतका लांब घेतला की नवऱ्याचं नाव येईपर्यंत पन्हं संपलं. मग सगळ्या माझ्यावर. म्हटलं, म्हातारीचे दात मोजायचे सोडून नाव कसलं घ्यायला लावता? सोडेनात. वसुमती तर दारच अडवून उभी राहिली. मग म्हटलं,

"रागीच्या मुद्द्याला सोप्पूचं सार,
व्यंकोजीरावांचं नाव घेते, उठा आता, झाला उशीर फार."

पालेभाजीच्या सारावर नाव घेतलं म्हणून हसल्या. आणि त्या हसण्यातच मधल्या खोलीतून धुम् धुम् ऐकू आलं. मग आवाज. ह्यांचा. ठेक्यात.

"सुईत ओवला दोरा, दोऱ्याला मारली गाठ,
कृष्णाबाईचं नाव घेतो, सोडा माझी वाट."

पुन्हा आला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता.

कृष्णाबाई म्हणजे मी. हा उखाणा लग्नातला. माझ्या वहिन्यांनी ह्यांना दारात अडवलं होतं, तेव्हा ह्यांना मिसरूड नव्हतं. आधी आठवडाभर घोकून आले होते, असं माझ्या नणंदेने नंतर सांगितलं होतं. त्या दिवसानंतर मी "अगं" आणि "ए" आणि "ऐकलं का". नाव एकदाच घेतलं, तेही कोंडलं म्हणून.

यल्लव्वा रडायला लागली, तिला निमित्तच लागतं. वसुमती भिंतीला टेकली. माझ्या हातातला पन्ह्याचा पेला पडला. बाहेरून घसरट होता.

आत गेले. हे घामाघूम, कुंड्यांवर वाकलेले, आणि आपल्याच तोंडातून आलं का असं विचारावं तसे माझ्याकडे बघत होते. मी उजवीकडे बसले. टप् मारली. तिसऱ्यांदा म्हणाले. "सोडा माझी वाट." आणि मग गाडी थांबताना पुढे सरकते ना, तसं आणखी एक आलं.

"पाणी."

दिलं.

मार्च ३१, रविवार

आता असं आहे. सुट्टा शब्द येत नाही. पण पूर्ण उखाणा म्हटला की जीभ सुटते आणि शेवटी एक शब्द येतो. म्हणजे "सुईत ओवला दोरा" पासून निघायचं आणि "सोडा माझी वाट" झालं की "मीठ." दिवसभर हेच. "कृष्णाबाईचं नाव घेतो, सोडा माझी वाट, काठी." "सोडा माझी वाट, मोरी." मोरीच्या वेळी तरी खरोखर वाट सोडावी लागते.

गल्लीतली पोरं आता मला बघून सुईत ओवला दोरा म्हणतात. ह्या वयात काय शोभा!

डॉक्टर येऊन ऐकून गेले. दोनदा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा गरज नव्हती, असं मला वाटतं. म्हणाले, "पाडव्याचं मी चुकलो, आजी. धागा सापडलाय, आता हळूहळू ओढा."

एप्रिल ४, गुरुवार

रामनवमी झाली. देवळात भजनाला ह्यांना टांग्यातून नेलं. उमाकांतच्या शेजारी बसवलं. हे तोंडाने बोल म्हणत गेले आणि उमाकांत वाजवत गेला. पंच म्हणाले, असा ठेका बऱ्याच दिवसांत झाला नाही. मी बायकांत मागे बसले होते. माझी बोटं मांडीवर उगीच हलत होती, वसुमतीने ती धरली. म्हटलं, सोड, मुंग्या आल्यात.

एप्रिल १०, बुधवार

"चंदू" आलं. "वसू" आलं. हेमीचं आधीच आलं होतं, ती दिवसभर समोर उभी राहून म्हणवून घेतच होती. उखाण्याशिवाय अजून काही नाही.

चंद्रकांत म्हणाला, "आई, नुसतं 'कृष्णाबाई' म्हणायला शिकव ना त्यांना. एवढं लांबण कशाला?" त्याचं बरोबर आहे. बघू. घाई नाही.

एप्रिल १३, शनिवार

औषध दोन्ही वेळा. भात, सार, दही. पोट साफ.

दुपारी मधल्या दाराआड तांदूळ निवडत बसले होते. आतून धुम् धुम्, आणि "सुईत ओवला दोरा". वसुमती म्हणाली, "आई, जा ना, हाक मारताहेत."

म्हटलं, थांब. मधेच गेलं की त्यांचं तुटतं, मग पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं. उगीच त्रास म्हाताऱ्याला.

वसुमती पदर तोंडाला लावून हसली. हसायला काय झालं, मला कळलं नाही.

"सोडा माझी वाट"पर्यंत झालं, मग उठले. "पाणी" म्हणाले. पाणी दिलं. तांब्या भरलेला त्यांच्या डाव्या हाताशीच होता, पेलाही वर होता. दिसत नसावा. पुढच्या खेपेला डॉक्टरांना त्यांच्या डोळ्यांचं विचारायला पाहिजे.